उन्हाळ्यातले झाड आणि उन्हाळ्यातला माणूस

वैशाखाच्या दिवसांत आलापल्लीच्या किंवा मूलच्या बाजूला जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर तीन गोष्टी एकाच वेळी दिसतात. सागाची झाडे उघडीबोडकी उभी असतात. त्यांची सुपाएवढी पाने खाली पडून वाळलेली असतात आणि पाय पडला की पापडासारखी मोडतात. त्याच सागाच्या शेजारी तेंदूच्या झुडपांना मात्र कोवळी पालवी फुटलेली असते. आणि ती पाने खुडण्यासाठी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, भल्या पहाटे घर सोडून आलेले स्त्री-पुरुष त्या झुडपांतून वाकून फिरत असतात. ऊन तिघांनाही सारखेच. पाऊस तिघांपासूनही सारखाच लांब. मग एकाने अंगावरचे सारे टाकून द्यावे, दुसऱ्याने नवी पालवी ल्यावी आणि तिसऱ्याने घामाने निथळत काम करीत राहावे, हे कसे?

विद्यार्थी मित्रहो, वनस्पतींचे आणि माणसाचे शरीरक्रियाशास्त्र आपण दोन वेगळ्या पुस्तकांतून शिकतो. बाष्पोत्सर्जन एका परीक्षेला आणि घर्मग्रंथी दुसऱ्या परीक्षेला. पण आपल्या ह्या प्रदेशात, जो १९८२ सालापर्यंत एकच जिल्हा होता आणि आता चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाला आहे, तिथे ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. उन्हाळ्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे देशातील सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वारंवार येतात. पारा ४५ अंशांच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. अशा उन्हात झाड कसे टिकते आणि माणूस कसा टिकतो, हे एकदा नीट समजले की माणूस कधी आणि का टिकत नाही, हेही समजते. ते समजणे केवळ परीक्षेपुरते नाही, जिवाशी गाठ असलेले आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. पन्नास किलो वजनाचा मनुष्य नुसता सावलीत बसून असला तरी त्याच्या शरीरात तासाला साधारण ६० उष्मांक उष्णता तयार होत असते. हृदय चालते, श्वास चालतो, अन्न जळते, त्याची ही उष्णता. ती बाहेर पडण्याची वाटच बंद केली, तर त्याच्या अंगाचे उष्णतामान दर तासाला सुमारे दीड अंशाने वाढेल. तोच मनुष्य कष्टाचे काम करू लागला की ही उष्णता चार-पाच पटींनी वाढते. म्हणजे दर तासाला सहा-सात अंश! आपले शरीर चालते ३७ अंशांवर, आणि ४० च्या पुढे गेले की बिघडू लागते. तेव्हा काम करणाऱ्या माणसाला ही उष्णता सतत बाहेर टाकावीच लागते.

थंडीच्या दिवसांत ते सोपे असते. उष्णता नेहमी तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. आपली त्वचा असते साधारण ३५ अंशांची आणि बाहेरची हवा असते वीस-पंचवीस अंशांची. उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच ४५ अंशांची झाली, तर काय होईल? वाट उलटी फिरेल. अंगातली उष्णता बाहेर जाण्याऐवजी बाहेरची उष्णता अंगात शिरेल. अशा वेळी उष्णता घालवण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो झाडाला व माणसाला सारखाच आहे. तो म्हणजे पाण्याची वाफ करणे.

एक लिटर पाणी बर्फाच्या उष्णतामानापासून उकळीपर्यंत तापवायला १०० उष्मांक लागतात. पण त्याच एक लिटर पाण्याची अंगावरून वाफ व्हायची, तर जवळजवळ ५८० उष्मांक लागतात, आणि ते ज्या पृष्ठभागावरून वाफ होते तिथून ओढून घेतले जातात. माठातले पाणी गार का होते, वाळ्याच्या ताट्या आणि आताचे कूलर खोली गार का करतात, ह्याचे उत्तर हेच. पान म्हणजे एक माठ आहे आणि आपली कातडीही एक माठच आहे, असे समजायला हरकत नाही.

आता पानाकडे पाहू. पानाच्या, बहुधा खालच्या, बाजूला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना आपण पर्णरंध्रे म्हणतो. ही छिद्रे काही पाणी घालवण्यासाठी झालेली नाहीत, बरं का! ती आहेत अन्नासाठी. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू त्यांतून आत जातो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याची साखर बनते. पण दार उघडले की पाहुणा आत येतो तशी घरातली ओलही बाहेर जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शंभरातले पंचाण्णव भागांहून अधिक पाणी ह्या दारांतून वाफ होऊन निघून जाते. पानातून पाण्याचा एकेक कण उडाला की त्याच्या मागचा कण वर ओढला जातो, त्याच्या मागचा त्याच्यामागे, आणि अशी पाण्याची अखंड दोरी मुळापासून शेंड्यापर्यंत वर सरकत राहते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून ही दोरी तुटत नाही, असे डिक्सन आणि जोली ह्या डब्लिनच्या दोघा शास्त्रज्ञांनी १८९४ साली मांडले. आलापल्लीचा उंच साग कोणत्याही पंपावाचून पाणी शेंड्याला नेतो तो ह्याच युक्तीने.

झाडाचा आणि माणसाचा घाम शेजारी ठेवून मोजण्याची कल्पनाही जुनीच आहे. इटलीतील सँटोरिओ नावाचा वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे आपले वजन करीत असे. खाल्लेले-प्यालेले आणि मलमूत्र ह्यांचा हिशेब जुळेना. काही वजन न दिसता उडून जाते, असे त्याने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले. पुढे स्टीफन हेल्स ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने सूर्यफुलाचे झाड कुंडीसकट रोज तोलले आणि १७२७ साली असा निष्कर्ष काढला की, आकारमान सारखे धरले तर सूर्यफूल तेवढ्याच वेळात माणसाच्या सतरा पट पाणी उडवते. प्रयोगशाळेत महागडी यंत्रे नाहीत म्हणून कुरकुर करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हेल्सचा हा तराजू जरूर आठवावा.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. सकाळी एका पानेदार फांदीला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि शेजारच्या, पाने काढून टाकलेल्या फांदीला दुसरी. दुपारपर्यंत पहिल्या पिशवीत पाण्याचे थेंब जमतील. दुसरी जवळजवळ कोरडी राहील. पाणी कुठून जाते, हे पुस्तक न उघडता कळेल.

पण पाणी असेपर्यंत हे ठीक. आपल्याकडे वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलीमीटर पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. होळीपर्यंत वरची माती सुकून जाते. मुळांना पाणी पुरेनासे झाले की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते. ते पानापर्यंत पोहोचले की प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन बाजूंना असलेल्या रक्षक पेशींना संदेश मिळतो. त्या पेशी आपल्यातील पोटॅशियमचे क्षार बाहेर सोडतात, त्यांच्यामागे पाणीही बाहेर जाते, फुगलेल्या पेशी सैल पडतात आणि मधले छिद्र मिटते. दार बंद! पाणी वाचले. पण त्याची किंमत द्यावी लागते. अन्न तयार होणे थांबते आणि उन्हातले पान हवेपेक्षाही काही अंश अधिक तापू लागते, कारण आता त्याला गार करणारी वाफ नाही.

ही किंमतही परवडेनाशी झाली की साग पुढचे पाऊल उचलतो. तो पानच टाकून देतो. मात्र तो उधळ्या नाही. गळण्यापूर्वी पानातले नत्र आणि स्फुरद ह्यांचा बराचसा भाग तो फांदीत ओढून घेतो, मग देठाच्या बुडाशी विलग होणाऱ्या पेशींचा एक थर तयार होतो, आणि वाऱ्याच्या झुळकेने पान सुटते. ह्या कामात इथिलीन वायूचा मोठा हात असतो. बाष्पोत्सर्जन करणारा पसाराच गेल्यामुळे उरलेल्या पाण्यावर झाड पावसाची वाट पाहू शकते. उन्हाळ्यातला बोडका साग मेलेला नसतो. त्याने दुकान आवरून ठेवलेले असते, इतकेच.

मग मोह आणि तेंदू? मोहाचे झाड पाने झडलेली असतानाच मार्च-एप्रिलमध्ये फुलते आणि पहाटे त्याच्या गोड, मांसल फुलांचा सडा पडतो. पाने नसताना ही साखर आली कुठून? गेल्या पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न खोडात आणि मुळांत पिष्टाच्या रूपाने साठवलेले असते, त्या शिलकीतून ती येते. तेंदूचे कोडे ह्याहून अवघड वाटते, कारण त्याची तर ऐन उन्हात पानेच फुटतात. पण त्याची मुळे खोल जातात आणि वरची माती कोरडी झाली तरी खालच्या थरांत ओल असते. शिवाय जुनी पाने गेल्यावर पाण्याची उधळ थांबते आणि खोड पुन्हा हळूहळू पाण्याने भरते. त्या जोरावर अंकुर फुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी करतात ती ह्याचसाठी, की मुळांतील साठ्यावर नवे, मऊ आणि विडीला योग्य असे पान यावे. म्हणजे साग, मोह आणि तेंदू ह्यांच्या रीती निरनिराळ्या दिसल्या, तरी तिघांचा हिशेबनीस एकच आहे. जेवढे पाणी हाती, तेवढाच खर्च.

आता माणसाकडे येऊ. आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, तो रक्ताचे उष्णतामान सतत तपासत असतो. ते वाढताच तो दोन हुकूम सोडतो. पहिला, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करा, म्हणजे आतले ऊन रक्त पृष्ठभागावर येईल. दुसरा, घाम सोडा. उन्हात कष्ट करणारा मनुष्य तासाला एक लिटर, कधी त्याहूनही अधिक घाम गाळतो. त्या एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर जे ५८० उष्मांक जातात, तेवढी उष्णता पन्नास किलोच्या माणसाला सुमारे १४ अंशांनी तापवण्यास पुरेशी आहे. काय जबरदस्त योजना आहे पाहा! १७७५ साली चार्ल्स ब्लॅग्डेन ह्या इंग्रज वैद्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. उकळत्या पाण्यापेक्षाही अधिक तापवलेल्या कोरड्या खोलीत तो आणि त्याचे सोबती काही मिनिटे थांबले. तिथे ठेवलेली अंडी कडक झाली, मांस शिजले. माणसे मात्र सुखरूप बाहेर आली. अंड्याला घाम येत नाही, माणसाला येतो.

इथवर झाड आणि माणूस बरोबर चालले. पण ह्यापुढे त्यांची वाट फुटते, आणि आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा तोच आहे. पाणी कमी पडले की झाड दार मिटते. ते पाणी राखते आणि ताप सोसते. माणूस ह्याच्या अगदी उलट करतो. तो उष्णतामान राखतो आणि त्यासाठी पाणी खर्च करतो, स्वतःजवळ नसले तरी! घर्मग्रंथींना पर्णरंध्रांसारखे मिटायचे दार नाही, आणि तापलेले अंग सागाच्या पानासारखे टाकूनही देता येत नाही.

तसे म्हटले तर आपल्यातही पाणी वाचवणारी द्रव्ये आहेत. रक्त दाटू लागले की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटते आणि मूत्रपिंडांना पाणी परत घ्यायला लावते. म्हणून उन्हातून आल्यावर लघवी थोडी आणि पिवळी होते. अल्डोस्टेरोन नावाचे दुसरे द्रव्य मूत्रातले आणि घामातलेही मीठ वाचवते. परंतु ही काटकसर बाजूच्या खर्चात आहे; मुख्य खर्च, म्हणजे घाम, चालूच राहतो. हे पाणी येते मुख्यतः रक्तातून. रक्ताचे आकारमान घटते, आणि त्याच वेळी त्वचेला जास्त रक्त हवे असते, काम करणाऱ्या स्नायूंनाही हवे असते. हृदय धावून धावून पुरे पडत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायांत गोळे येतात. तरीही काम चालूच ठेवले तर त्वचेकडे जाणारे रक्त आखडते, घाम अपुरा पडतो, आतले उष्णतामान ४० च्या पुढे जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. हाच उष्माघात. ह्यात मेंदू, यकृत, मूत्रपिंडे सारेच होरपळते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, तहान लागली की पाणी प्यावे, तोवर गरज नाही. तहान ही उशिरा येणारी पाहुणी आहे. पन्नास किलोच्या माणसाच्या अंगातले एक लिटर पाणी गेले, की त्याचे काम मंदावू लागते, आणि कामाच्या नादात त्याला तहानेची तितकी जाणीव झालेली नसते. दुसरा गैरसमज असा की, अंग कोरडे पडले तरच उष्माघात. घरात पडून असलेल्या वृद्धाच्या बाबतीत बहुधा तसे दिसते. पण काम करता करता कोसळलेल्या तरुण मजुराचे अंग घामाने ओलेही असू शकते. खूण कातडीवर शोधू नये, बोलण्यात शोधावी. उन्हात काम करणारा मनुष्य भलतेच बोलू लागला, तर तो उष्माघातच समजून चालावे.

आणखी एक गोष्ट. आपण ४५ अंशांना भितो, पण मृगाच्या आधीच्या ढगाळ दिवसांना तितके भीत नाही. दोन तापमापके घ्या आणि एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी साधा तापमापक ४५ दाखवत असेल आणि हवेत जेमतेम १५ टक्के ओल असेल, तर ओला तापमापक सुमारे २४ दाखवील. म्हणजे वाफेने गार होण्याला भरपूर वाव आहे. जूनमध्ये पारा ३८ वर उतरतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण हवेतली ओल ६० टक्के झाली असेल, तर ओला तापमापक ३१ च्या आसपास असतो. घाम येतो, गळतो, जमिनीवर पडतो. वाफ मात्र होत नाही. आणि गळालेला घाम उष्णता नेत नाही, नुसते पाणी आणि मीठ नेतो. कूलर ज्या दिवशी कुचकामी वाटू लागतो, त्या दिवशी आपल्या अंगातला कूलरही तसाच झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

सुदैवाने शरीराला सवय होते. रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम केले तर एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. म्हणून हंगामाचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. तेंदूचा हंगाम काही आठवड्यांचाच. पाऊस आला की संपला. जेवढी पाने तेवढी मजुरी, तेव्हा पहिल्याच दिवशी दिवसभर राबण्याचा मोह होतो. जुनी माणसे पहाटे निघून ऊन चढण्याआधी परततात आणि पुडे घरी सावलीत बसून बांधतात, ह्यात शरीरशास्त्राचे पुरे ज्ञान आहे. रस्त्याच्या, विटांच्या किंवा खाणीच्या कामावर नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडा निम्मे काम, जवळ पाणी आणि सावलीत विसावा देणे, ही कोणाची मेहेरबानी नाही. तो देहाच्या हिशेबातला आवश्यक खर्च आहे.

आपल्या भागात ह्या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, ती सिकलसेलची. गडचिरोली आणि चंद्रपूर ह्या दोन्ही जिल्ह्यांत हा आनुवंशिक रोग आढळतो. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनच्या साखळीत एक ॲमिनो आम्ल बदललेले असते, एवढाच मूळ फरक. इन्ग्राम ह्या शास्त्रज्ञाने तो १९५६-५७ च्या सुमारास शोधून काढला. पण त्यामुळे पेशीतला प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अंगातले पाणी कमी झाले की पेशीही आटते, आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि हे वाकणे अधिक वेगाने घडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. शिवाय ह्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करून पाणी वाचवण्याचे काम नीट साधत नाही. म्हणजे ज्याने पाणी सर्वांत जपले पाहिजे, त्याचेच पाणी सर्वांत लवकर जाते! रोगाचा एकच जनुक असलेले वाहक एरवी निरोगी असतात, त्यांना तीव्र हिवतापापासून काही संरक्षणही मिळते. तरी कडक उन्हातल्या अतिश्रमात त्यांनीही सांभाळून असावे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे. रक्ताची तपासणी करून घ्यावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हिवतापाचा विषय निघालाच आहे, तर ताप आणि उष्माघात ह्यांतला भेदही सांगतो. गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा मुख्य जिल्हा. त्यामुळे अंग तापलेला मनुष्य दिसला की प्रथम हिवतापच आठवतो. हिवतापात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की आज ३७ ऐवजी ३९ किंवा ४० राखायचे. म्हणून अंग तापत असतानाही थंडी वाजते, घोंगडे लागते, आणि पॅरासिटामॉलची गोळी ही ठरवलेली पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी ३७ च असते. शरीराला ती राखता येत नाही, एवढेच. म्हणून त्यात गोळीचा उपयोग नाही. उन्हातून आणलेल्या माणसाला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये, ते श्वासनलिकेत जाईल. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत गार करणे थांबवू नये. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. रक्ततपासणी नंतर होईलच.

आता प्यायचे काय? नुसते पाणी चांगले, पण तासन् तास घाम गाळल्यावर नुसतेच पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही बरे नव्हे. १९६० साली रॉबर्ट क्रेन ह्या शास्त्रज्ञाने दाखवले की लहान आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून रक्तात शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. ह्याच तत्त्वावर १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरचे प्रमाण. आपल्याकडची मीठ घातलेली पेज आणि आंबील हीही ह्याच जातीची. भातातल्या पिष्टाची आतड्यात साखर होते आणि मीठ तिच्याबरोबर आत जाते. पन्हेही चांगले. मोहाची दारू मात्र ह्या कामी उलटी. ती व्हॅसोप्रेसिनला दाबते, लघवी वाढवते, आणि तहान भागल्याचा भास करून अंग कोरडे करते.

परीक्षेत पर्णरंध्र आणि घर्मग्रंथी ह्यांची तुलना करण्याचा प्रश्न आला, तर आकृत्या जरूर काढा आणि दोन्हींचे काम वाफेने गार करण्याचे आहे, हे लिहा. पण शेवटी एक ओळ आणखी लिहा, की एकाला दार आहे आणि दुसऱ्याला नाही. सागाला पाणी आणून द्यावे लागत नाही. तो पाने टाकून जूनपर्यंत थांबू शकतो. त्याच्याखाली तेंदूची पाने खुडणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. त्याचे पाणी, त्याचे मीठ, त्याची सावली आणि त्याची विश्रांती ही बाहेरून, वेळेवर, आणि तहान लागण्याच्या आधी मिळाली पाहिजे. घरी जाऊन आपल्या माणसांना एवढे समजावून सांगितले, तरी जीवशास्त्र शिकल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.